संकष्टीची भरती

"रत्नागिरीत करमणुकीला काय आहे हो?" असं मुंबईहून आलेले पाहुणे विचारतात. मी मिशीतल्या मिशीत हसतो. बाबांनो, मी आहे ना! मी म्हणजे माझा जेसीबी. इंजिनाचा पहिला धूर वर गेला, मागचा हात कमानीसारखा उचलला गेला आणि बकेटचे दात मातीत घुसले, की पंचक्रोशीतली माणसं हातचं काम टाकून धावत येतात. दूध घेऊन निघालेला माणूस किटली हातात धरून उभा राहतो आणि घरी दही घेऊन जातो. एकदा मिरजोळ्याला मी पाइपलाइनचा चर खणत होतो, तर बघ्यांमध्ये चक्क एक नवरदेव निघाला. मुंडावळ्यांसकट. चर आडवा आला म्हणून वऱ्हाडाची गाडी थांबली, तर हा पठ्ठ्या खाली उतरून बघत राहिला. मुहूर्त टळला, असं मी म्हणतो. नाही टळला, असं त्याचा सासरा म्हणतो. दोघांपैकी उंच जागी कोण बसलं होतं आणि कोणाला लांबचं दिसत होतं, याचा विचार करून काय ते तुम्हीच ठरवा.

माझं नाव शांताराम. ज्यांनी ठेवलं त्यांनी मला रडताना ऐकलं नसावं. उभी हयात मी दुसऱ्यांच्या मशिनी चालवल्या आणि केस पिकल्यावर स्वतःची पहिली मशीन घेतली. तिचं नाव पिवळी. दसऱ्याला आमची बायको तिला हळदीकुंकू लावते आणि उरलेलं वर्ष तिचा उल्लेख 'तुमची ती' असा करते. जेवताना मी उठून खिडकीतून बाहेर डोकावलो, की म्हणते, "आहे तिथेच आहे तुमची ती. पळून जायला तिला माझ्याइतकी अक्कल नाही."

अंक वाचणाऱ्या मंडळींनी ही मशीन लांबून पाहिली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पिवळीला पुढे एक रुंद सूप आहे, त्याने माती ढकलायची आणि भरायची. मागे एक लांब हात आहे, त्याला कोपर आहे, मनगट आहे आणि टोकाला दात असलेली बकेट आहे, त्याने खणायचं. मागच्या दोन बाजूंना दोन लोखंडी पाय आहेत, त्यांना आम्ही जॅक म्हणतो. खणताना जॅक जमिनीवर टेकवायचे, म्हणजे मशीन डुलत नाही. मधे ऑपरेटर. ड्रायव्हर नव्हे, ऑपरेटर. ड्रायव्हर रस्ता बघून चालवतो. आम्ही रस्ता नसतो तिथे जातो.

हात मुरला की बकेट आपल्या बोटांसारखी होते. मी बकेटच्या दाताने उकडलेल्या अंड्याचं टरफल काढून दाखवलं आहे. काही लोक म्हणतात, ते अंडं नव्हतं, शहाळं होतं. असेल. पण आतली मलई जागची हलली नव्हती हे तेही कबूल करतात.

आमच्याकडची जमीन मात्र नखरेल. वर कातळ, म्हणजे जांभ्या दगडाची काळी पडलेली सलग पाठ. त्यावर आंब्याचा खड्डा मारायचा तर दात नुसते किंचाळतात. कातळ फुटला की आत लाल, जरा मऊ जांभा, आणि त्याच्याखाली शेडी. शेडी म्हणजे पांढरट, गुळगुळीत माती, पाणी लागलं की साबण. मी बकेट आपटून आवाजावरून सांगतो खाली काय आहे ते. टणटण वाजलं की जेवून या, दिवस जाणार. बदबद वाजलं की पोकळी आहे, जपून. माझा सगळा अभ्यास कातळावरचा. आमचं गावच वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जिथे पाणी फक्त आभाळातून येतं. खाडीच्या चिखलाशी माझी ओळख कधी झालीच नव्हती. ती करून दिली आमच्या भावोजींनी.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, विश्राम. ट्रॅक्टरवाले. गाव खाडीकाठचं. आमचं दोघांचं काम जोडीने चालतं. मी खणायचं, त्यांनी ट्रॉलीतून वाहायचं. अडचण एकच, नात्याने ते मोठे. म्हणजे ते मला "शांत्या, मेल्या" म्हणणार आणि मी त्यांना "अहो भावोजी" म्हणणार. आता मशिनीच्या आवाजात माणसाला ओरडून शिव्या द्यायच्या, आणि त्याही अहो-जाहो करून, हे किती कठीण आहे बघा. "अहो भावोजी, डोळे घरी ठेवून आलात का? ट्रॉली मागे घ्या जरा, कृपा करा!" माझ्या आयुष्यातली निम्मी ताकद या आदरात गेली.

तर एकदा भाट्याच्या पुलापलीकडून, खाडीच्या आतल्या अंगाला राहणाऱ्या अप्पांचा निरोप आला. अप्पा शाळेतून निवृत्त झालेले. खाडीला लागून त्यांची माडांची बाग. बाग आणि खाडी यांच्यामधे मातीचा बांध. त्या बांधाला एका जागी भगदाड पडलं होतं आणि उधाणाचं खारं पाणी बागेत शिरत होतं. असंच चालू राहिलं असतं तर विहीर खारी झाली असती. काम साधं होतं. ओहोटीला खाडीच्या बाजूने उतरायचं, गाळ उचलायचा, बांधावर थापायचा, बकेटच्या पाठीने चोपायचा आणि भरतीच्या आधी वर यायचं.

ठरलेल्या सकाळी आम्ही पोचलो. थंडी सरत आलेली, आंब्याला मोहोर. बांधावर बघे आधीच हजर. त्यांचा म्होरक्या बाबू कंडक्टर. हा एसटीतून निवृत्त झाला, पण एसटी त्याच्यातून निवृत्त झाली नाही. अजूनही चार माणसं एकत्र दिसली की "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणतो.

"या या ड्रायव्हर!" बाबू म्हणाला.

"ऑपरेटर," मी म्हटलं.

"स्टेअरिंग आहे ना हातात? मग ड्रायव्हर."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मोठ्या माणसाने देऊ नये.

मी भावोजींना विचारलं, "पाणी कधी येणार?"

भावोजी ट्रॅक्टरच्या बोनेटवर उताणे पडले होते. न उठता म्हणाले, "तुझा आज उपास ना रे?"

"हो, संकष्टी."

"म्हणजे चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीन वाजता भरती पूर्ण भरणार. दीडपर्यंत काम कर बिनधास्त."

हे खाडीकाठचं गणित आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तिकडच्या पोराला हे बाराखडीच्या आधी येतं. भावोजी तर म्हणायचे, "आमच्या सात पिढ्या खाडीत गेल्या." त्यावर मी म्हणायचो, "आठवी तेवढी ट्रॅक्टरवर झोपली." पण गणितावर विश्वास ठेवला. माझाच उपास, माझीच चतुर्थी, त्यात शंका काय घ्यायची?

सुरुवातीला नारळ द्यायचा होता. जमिनीला हात लावण्यापूर्वी तिथल्या राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात, आमच्याकडे त्याशिवाय कोणी फावडं मारत नाही. गाऱ्हाणं स्वतः अप्पांनी घातलं आणि चूक तिथेच झाली. जन्मभर शिकवलेला माणूस, त्याला तास संपेपर्यंत थांबायची सवय नाही.

"बा राखणदारा महाराजा! हा जो काय तुझा लेकरू आज तुझ्या जागेत लोखंड घालता हा, त्याच्या हाताला यश दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही सगळे.

"शेजारच्या बागवाल्याला आपली गुरं बांधून ठेवण्याची बुद्धी दे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"बागेत वानर येतात, त्यांना पलीकडच्या गावाचा रस्ता दाखव रे महाराजा!"

यानंतर ग्रामपंचायत, विजेचे खांब, मुलाची बदली आणि बायकोची, म्हणजे आमच्या काकींची, गुडघेदुखी असं सगळं झालं. शेवटी, "आणि ह्या शांतारामाला डिझेल जपून वापरायची बुद्धी दे रे महाराजा!" यावर "होय महाराजा" सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं असेल? भावोजी.

एवढं होईस्तोवर पूर्ण ओसरलेली खाडी परत फिरायला लागली होती.

मी पिवळी खाली उतरवली. कामाला लागलो आणि काय सांगू, लोणी! कातळावर दात घासणाऱ्या मशिनीला तो गाळ म्हणजे माहेरपण. बघता बघता भगदाड बुजत आलं. बाकी राहिला टोकाचा एक तुकडा. तिथे पोचायला चार हात आणखी खाडीकडे जायला हवं होतं. जमीन वरून सुकलेली, भेगा पडलेली. मी नेहमीप्रमाणे बकेट दाबून पाहिली. नियम असा, की बकेट दाबल्यावर मशीनचा मागचा भाग उचलला गेला तर जमीन भार घेईल. बकेटच आत गेली तर गुपचूप मागे फिरायचं. मी दाबली. मागचा भाग उचलला जरासा. आणि बकेटही गेली जराशी. दोन्ही झालं. असं कातळावर कधी होत नाही, म्हणून मी विचार करायला थांबलो.

"थांबलास का रे?" भावोजी बांधावरून ओरडले. "सड्यावरचा माणूस, खाडी बघून पाय लटपटले काय?"

"अहो भावोजी, मी जमिनीशी बोलतोय."

"जमीन काय म्हणते?"

इतक्यात बाबू कंडक्टरने हात हलवायला सुरुवात केली. "जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे... डावीकडे भरपूर आहे... जाऊ दे..." आणि बांधावर पत्र्याचा डबा होता त्यावर टणटण दोन वेळा वाजवलं. आता डबल बेल दिल्यावर गाडी न काढणारा माणूस महाराष्ट्रात जन्मलाय का? मी गेलो.

वर पापडी होती, खाली श्रीखंड. पुढची चाकं आधी बसली, मग मागची. मी गिअर टाकला, चाकं जागच्या जागी फिरली आणि चिखलाचा एक फवारा थेट बाबू कंडक्टरच्या अंगावर. तेवढं एक समाधान.

"रुतली!" भावोजी ओरडले.

"रुतली नाही. बसलेय."

"शांत्या, अर्धी चाकं आत आहेत."

"दमली असेल. गाई बसतात, तशी बसलेय. उठवतो."

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण भावोजी लग्नकार्यात हा प्रसंग वेगळा सांगतात. मशीन रुतणं म्हणजे ऑपरेटरला उपाय माहीत नसणं. मला उपाय माहीत होता. पहिला नियम, चाकं फिरवायची बंद. जितकी फिरवाल तितका स्वतःचा खड्डा स्वतःच खणाल. दुसरा, मशिनीला तिच्याच हातापायांवर उचलायची. पुढचं सूप जमिनीवर दाबलं की पुढची चाकं उचलली जातात, मागचे जॅक दाबले की मागची. मग चाकांखाली भर घालायची आणि तिला अलगद उतरवायची. फक्त सूप आणि जॅक टेकवायला खाली काहीतरी टणक लागतं. मी जॅक दाबला तर तो काडी दह्यात जावी तसा गेला.

"थांब, मी ओढतो," भावोजी म्हणाले. बांधावरून साखळी लावली, ट्रॅक्टर जोरात घेतला. पिवळी हलली नाही. ट्रॅक्टरनेच पुढचे दोन पाय उचलले आणि भावोजी क्षणभर घोड्यावर बसलेल्या राजासारखे दिसले. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. भावोजींनी ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरून टायरला हात लावून उभे राहिले. टायर पडू नये म्हणून नव्हे, स्वतः पडू नये म्हणून.

तरी मी शांत होतो. तीनला अजून खूप अवकाश होता.

तेवढ्यात काकी आल्या. माझा उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी घेऊन. केबिनच्या पायरीपर्यंत फळी टाकून त्या आल्या आणि डबा वर दिला. त्यांची गुडघेदुखी पाहता राखणदाराने एवढं एक गाऱ्हाणं तरी तातडीने ऐकलं असावं.

"अरे शांताराम, आटप लवकर. पाणी येईल."

"काकी, तीनला आहे भरती. चतुर्थी ना आज."

"कोणी सांगितलं? चतुर्थी संध्याकाळी लागत्ये. आत्ता तृतीया चाललीय."

मी घास तोंडात ठेवूनच थांबलो. "पण मग संकष्टी?"

"संकष्टी चंद्रावर धरतात. चंद्र उगवताना चतुर्थी असली की उपास. दिवसभर कुठली का तिथी असेना! मी मेली जन्मभर उपास करत्ये, मला ठाऊक नाही? सूर्य मावळतीला जाईपर्यंत तृतीयाच."

मी बांधाकडे पाहिलं. भावोजींच्या ओठांवर गणित चाललेलं दिसत होतं. तीन त्रिक नऊ. भागिले चार. सव्वादोन. म्हणजे आमच्याजवळचा पाऊण तास कोणीतरी चोरला होता, आणि चोर माझाच उपास.

"भावोजी! सात पिढ्या?"

"त्या सातही उपास करत नव्हत्या रे," भावोजी हळूच म्हणाले.

मग मी खाली बघितलं. मागच्या चाकाने केलेल्या खळग्यात पाणी होतं. मघाशी नव्हतं. ते पाणी गोल गोल फिरत होतं, आणि त्यावर एक माडाचं वाळकं फूल माझ्याच दिशेने येत होतं.

आता थट्टा बाजूला ठेवून सांगतो. खारं पाणी मशिनीत गेलं की आधी वायरिंग जातं, मग बेअरिंग जातात, मग इंजिन, आणि मग मालक. पिवळी एकटीच होती माझी. तिच्यानंतर दुसरी घ्यायला ना वय होतं, ना हौस. दुसऱ्याच्या मशिनीवर पुन्हा "साहेब, उद्या येऊ का?" करायला जावं लागलं असतं. मी खिचडीचा डबा पायरीवर ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज बसला. बायकोने हे ऐकलं तेव्हा म्हणाली, तिथे असते तर रेकॉर्ड करून ठेवलं असतं.

करायचं काय ते ठाऊक होतं. बांधाच्या आत अप्पांनी कुंपणाच्या गडग्यासाठी जांभ्याचे चिरे रचून ठेवले होते. झावळ्या होत्या, नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सोललेल्या सालींचा, ढीग होता. ते सगळं खाली आणायचं. पण आणणार कोण? मी केबिनमधून ओरडलो, "अहो मंडळी, हात लावा जरा! चिरे द्या खाली!"

मंडळी मोबाइल धरून उभी. एक म्हणाला, "पँट नवीन आहे." दुसरा म्हणाला, "मी लाइव्ह आहे."

बाबू कंडक्टर म्हणाला, "आम्ही नुसते बघायला आलो आहोत, ड्रायव्हर."

अप्पांनी डोळे मिटून पुन्हा सुरुवात केली, "बा राखणदारा महाराजा..."

"अप्पा, आधी चिरे!"

"शिंच्या, गडग्याचे आहेत ते!"

पाणी चाकाच्या मधल्या नटांना लागलं. तेव्हा मला ती युक्ती सुचली. सुचली म्हणजे काय, माझ्यासारख्या माणसाला ती श्वासासारखी येते. मी मागचा हात जरा हलवला, बकेट चिखलात घातली, आणि इंजिन एकदम बारीक केलं. सगळीकडे शांत. मग मी भावोजींना जवळ बोलावलं आणि कुजबुजलो. आता माझी कुजबुज पुलापलीकडे ऐकू जाते हे मला चांगलं ठाऊक आहे.

"भावोजी, हळू बोला. कोणाला कळता कामा नये. बकेटला काहीतरी लागलंय."

"काय?"

"धातू. पोकळ आवाज आला. हंड्यासारखा."

बांधावरचे मोबाइल खाली आले.

"नेमका मागच्या चाकाखाली आहे. मशीन निघाल्याशिवाय हात घालता येणार नाही. आणि एकदा भरती आली की खाडी काय परत देत्ये? तुम्ही कोणाला बोलू नका हं."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. ताईच्या लग्नापासून हा माणूस मला ओळखतो. त्यांचा एक डोळा अर्धा मिटला. मग ते बांधाकडे वळून म्हणाले, "काही नाही हो. काही नाही लागलेलं. तुम्ही जावा घरी."

झालं. नवीन पँटवाला पहिला उतरला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायलाही थांबला नाही. पाठोपाठ लाइव्हवाला. बाबू कंडक्टरने बांधावरून चिखलापर्यंत माणसांची रांग लावली. "पुढे सरका, पुढे सरका! मधे थांबू नका! चिरा आला, चिरा आला, घ्या!" खोटं नाही सांगत, चिरे हवेतून येत होते. अप्पांचा गडगा डोळ्यांदेखत रांगेतून निघाला आणि अप्पा स्वतः त्या रांगेत उभे राहून चिरे पुढे देत होते. मला वाटलं, माझ्यावरच्या मायेने. नंतर कळलं, जमीन त्यांची असल्याने हंड्यावर पहिला हक्क त्यांचा, असं ते शेजारच्याला समजावत होते.

झावळ्या आडव्या, त्यावर सोडणं, त्यावर चिरे. मी डावा जॅक टेकवला. चिरा जरा खाली गेला आणि थांबला. उजवा टेकवला. थांबला. सूप दाबलं. आणि पिवळी, राजांनो, पिवळी उठली! चिखलाने तिला सोडताना जो आवाज केला तो मी इथे लिहू शकत नाही, घरातली मंडळी अंक वाचतात. चारही चाकं हवेत. भावोजी कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून चाकांखाली चिरे सरकवत होते आणि तोंडाने मला नात्यातला मोठेपणा ऐकवत होते.

मग मी मागचा हात जितका लांब जाईल तितका लांब टाकला, बांधाच्या पायथ्याला दात रोवले आणि कोपर आवळलं. एखाद्याने कठड्याला धरून स्वतःला वर ओढावं तशी ती निघाली. तोवर बांधावर चढलेल्या भावोजींनी ट्रॅक्टरने साखळी ताणली. पाणी केबिनच्या पायरीला लागलं, पायरीवरचा खिचडीचा डबा तरंगत निघून गेला, आणि पिवळी बांधावर आली. सकाळी बुजवलेल्या बांधाचा थोडा तुकडा तिच्या दाताबरोबर वर आला हे खरं आहे. त्याबद्दल मी अप्पांना म्हटलं, "उद्या सकाळी फुकट करून देतो." अप्पा ऐकत नव्हते. अप्पा आणि बाकी सगळे खाडीकडे बघत होते.

"हंडा?" बाबू कंडक्टरने विचारलं.

जिथे पिवळी बसली होती तिथे आता माणूसभर पाणी होतं. मी टोपी काढली, हळहळलो. "काकी म्हणाल्या तेच खरं. पाऊण तास कमी पडला."

काकींच्या विहिरीच्या गोड्या पाण्याने मी पिवळीला संध्याकाळपर्यंत न्हाऊ घातलं. चंद्र उगवला तेव्हा काकींनी आम्हां दोघांना ओवाळलं. म्हणजे मला आणि तिला. भावोजी चिखलाने माखलेले बाजूला उभे होते, त्यांना एक मोदक मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटलेला तुकडा बुजवायला निघालो, तर वाटेत ताईचा फोन.

"अरे, तुझे भावोजी आलेत का तुझ्याकडे? पहाटेपासून फावडं घेऊन गायब आहेत."

मी म्हटलं, "बघतो." आणि पिवळी जरा जोरात घेतली.

खाडी ओसरलेली. बांधावर अजून कोणी नव्हतं. कालच्या जागेच्या जरा पलीकडे, जिथे चिरे संपतात तिथे, चिखलातून भावोजी वर आले होते. म्हणजे कमरेपासून वरचे भावोजी. बाकीचे आत. फावडं हात पोचणार नाही इतकं लांब पडलेलं. चेहरा असा, जणू रोज सकाळी ते तिथेच असतात.

मी इंजिन बंद केलं. "भावोजी! तुम्हाला तर माहीत होतं ना मी थापा मारतो ते?"

"माहीत आहे रे." भावोजी खाडीकडे बघत म्हणाले. "पण तू एवढ्या थापा मारतोस, की एखादी चुकून खरी निघायची. ती नेमकी हीच असली तर?"

एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला कोणी दिलेलं नाही.

"रुतलात काय?" मी विचारलं.

भावोजींनी मान ताठ केली. "रुतलो नाही. बसलोय."

मी पिवळीच्या पायरीवर आरामात टेकलो, थर्मास काढला आणि चहा ओतला.

"बसा मग सावकाश. आज खरी चतुर्थी. तीनपर्यंत वेळ आहे."